हुरूप गळतो कुठून?

प्रश्न थोडक्यात असा: वय 27, राहायला डोंबिवली, नोकरी चकाल्याला. जर्मनची ए-2 परीक्षा (पातळ्या अशा: ए-1, ए-2, मग बी-1) 83 गुण मिळवून पास. बी-1 चा वर्ग सुरू होऊन दोन महिने झाले, त्यातले सहा आठवडे पुस्तक उघडलेलंच नाही. रोज रात्री 'उद्यापासून' ठरतं. 'वर्गातले बाकीचे फाडफाड बोलतात, मी मराठी माध्यमातला, माझी जीभच उचलत नाही.' जर्मनीत नोकरी करायची इच्छा मात्र अजून आहे. तर मोटिव्हेशन टिकवायचं कसं?

मी दादरला तेवीस वर्षं जर्मन शिकवते. हा प्रश्न दर बॅचला कोणी ना कोणी विचारतंच, आणि मी त्याचं सरळ उत्तर देत नाही. छताला ओल आली तर आपण भिंतीला रंग काढत बसत नाही, वर पाणी कुठे मुरतंय ते आधी बघतो. तुम्ही सहा महिने डोंबिवलीहून ये-जा करून ए-2 काढलीत, म्हणजे हुरूप होता. तो गेला कुठून, ते शोधू. तुमच्या प्रश्नातच दोन-तीन जागा ओल्या दिसतायत.

पहिली जागा सगळ्यांचीच असते, म्हणून ती आधी. जर्मन सोडणाऱ्यांची गर्दी मला दोनच ठिकाणी दिसते. एक म्हणजे ए-1 चा तिसरा-चौथा आठवडा, डेअर-डी-डास ही तीन लिंगांची तीन आर्टिकलं आल्यावर. ते लोक बघायला आलेले असतात, बघून जातात, त्यांचं मला काही वाटत नाही. दुसरी गर्दी बी-1 च्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत. इथे जाणारा माणूस अर्धी वाट चाललेला असतो, म्हणून जीव हळहळतो.

बी-1 लाच का? या परीक्षा घेणाऱ्या ग्योथे इन्स्टिट्यूटची ए-2 ची शब्दयादी साधारण 1300 शब्दांची आहे, बी-1 ची साधारण 2400 ची. म्हणजे ज्याला तुम्ही 'पुढची एक लेव्हल' म्हणता, तिथे शब्द जवळजवळ दुप्पट होतात. शिवाय त्या शब्दांचा स्वभावच वेगळा. पहिले हजार शब्द जिथे तिथे भेटतात: घर, पाणी, आज, जाणे, घेणे. सकाळी शिकलेला शब्द संध्याकाळपर्यंत चार ठिकाणी दिसतो आणि आपल्याला वाटतं, वा, येतंय की! बी-1 मध्ये भाडेकरार, विमा, तक्रार, शिफारस अशी मंडळी येतात. शिकल्यावर पंधरा दिवस त्यांची गाठ पडत नाही, आणि पडते तेव्हा आपण त्यांना विसरलेलो असतो. मेहनत पूर्वीइतकीच, दिसणारं फळ मात्र निम्म्याहून कमी. याला तुम्ही 'माझं डोकं चालेना' म्हणता. डोकं चालतंय, फक्त मोजपट्टी चुकलीय. ग्योथेच्याच अंदाजाप्रमाणे बी-1 गाठायला सुरुवातीपासून धरून 45 मिनिटांच्या 350 ते 650 तासिका लागतात. या दोन आकड्यांमधलं अंतर बघा. शेजारच्या बाकावरचा 350 मध्ये पोचेल, तुम्हाला 600 लागतील, आणि दोघांचं प्रमाणपत्र सारखंच असेल.

मोजपट्टी बदलायची तर एक काम करा. दर महिन्याच्या एक तारखेला फोनवर एक मिनिट बोलून ठेवा. विषय कायम एकच: 'मागच्या रविवारी मी काय केलं.' तयारी करायची नाही, कागद समोर ठेवायचा नाही, अडखळलात तर अडखळा, पण मिनिट पुरं करा. आणि तीन महिने ऐकू नका. चौथ्या महिन्यात चारही एकापाठोपाठ ऐका. माझ्या एका विद्यार्थ्याने पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये मिनिटभरात तीन वाक्यं बोलून उरलेला वेळ 'आलझो… आलझो…' ('तर… तर…') करत काढला होता. मागे कुकरच्या दोन शिट्ट्या आणि आईचं 'कोणाशी बोलतोयस रे?' चौथ्यात सोळा वाक्यं होती. चुका भरपूर, पण सोळा. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते माझ्या 'छान चाललंय'ने कधी आलं नव्हतं.

आता तुमची खरी ओली जागा: 'मी मराठी माध्यमातला.' इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण हे वाक्य ऐकलं की माझं पित्त खवळतं.

तुम्ही जर्मन इंग्रजीतून शिकताय. वर्ग इंग्रजीत, पुस्तकावर पेन्सिलीने लिहिलेले अर्थ इंग्रजीत, आणि वाक्य बोलायचं झालं की डोक्यात मराठी, मग इंग्रजी, मग जर्मन. हे म्हणजे डोंबिवलीहून ठाण्याला जायचं तर आधी उलटं कल्याणला जाणं. आपल्याकडे लोक बसायला मिळावं म्हणून तसं करतात ते सोडा. इथे सीटही मिळत नाही. वर्गात तुम्ही हळू पडता याचं मोठं कारण हे आहे, आणि उपाय तुमच्या घरातच पडलेला आहे.

आकडे घ्या. 47 ला जर्मन म्हणतो 'झीबेन-उंट-फिअरत्सिश', सात-आणि-चाळीस. इंग्रजी माध्यमाची मुलं ऐकताना आधी सात कानावर पडतात म्हणून 74 लिहून मोकळी होतात. तुम्ही लहानपणापासून काय म्हणताय? सत्तेचाळीस. सात आधी, चाळीस नंतर. एकवीस, बावीस, तेवीस, सगळी तीच तऱ्हा. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! गंमत म्हणजे जर्मनीतही असेच आधी वीस मग एक म्हणा असा आग्रह धरणारे लोक आहेत, आणि त्यांच्यावर चिडणारेही.

घड्याळ घ्या. 'हाल्प ड्राय' शब्दशः 'अर्धे तीन', आणि अर्थ अडीच. ऐकण्याच्या परीक्षेत दर वर्षी कोणीतरी साडेतीन लिहून दोन गुण घालवतो. पण आपला 'अडीच' तरी कुठून आला? संस्कृतातल्या 'अर्धतृतीय'वरून, म्हणजे तिसरा अर्धा. हुबेहूब तोच हिशेब. फरक एवढाच की आपण साडेचारला चारावर अर्धा चढवतो, जर्मन मात्र तिथेही 'पाचातला अर्धा'च म्हणत राहतो.

'मला हे पुस्तक आवडतं' यात कर्ता कोण, यावर आपल्या शाळेत तास-तास वाद झालेले आहेत. जर्मनमध्ये 'डास बूख गेफेल्ट मिअर'. 'मिअर' म्हणजे 'मला'. मला थंडी वाजते: 'मिअर इस्ट काल्ट'. तिथेही 'मला'च. इंग्रजीत 'आय' म्हणायची सवय झालेला मुलगा इथे 'इश बिन काल्ट' म्हणतो आणि जर्मन माणसाला हा स्वभावाने थंड असल्याचं सांगून बसतो. तुम्ही स-ला-ते, स-ला-ना-ते घोकलेत ना? मग डेटिव्हला चतुर्थी म्हणा आणि पुढे चला. 'मी मुलाला पुस्तक देतो' यातला 'मुलाला' म्हणजे 'डेम किंट'. वर्गात ज्यावर तीन तास जातात ते तुम्ही पाचवी-सहावीत केलेलं आहे.

आणि क्रियापद. 'मला माहीत आहे की तो आज येत नाही.' जर्मनमध्ये 'की'नंतरचं वाक्य: 'डास एअर हॉयटे निश्ट कॉम्ट'. तो, आज, नाही, येतो. क्रियापद शेवटी. पुस्तकात 'वाइल' (कारण) आणि हा 'डास' (की) आले की वर्ग गळाठतो, कारण इंग्रजीत क्रियापद असं शेपटाला जात नाही. मराठीत ते जन्मापासून तिथेच बसलेलं आहे. झालंच तर तीन लिंगं. तो दिवा, ती खुर्ची, ते पुस्तक, हे तुम्हाला कुणी नियमाने शिकवलं नाही. जर्मनची लिंगं वेगळी आहेत, ती पाठच करावी लागतील, पण निर्जीव वस्तूला लिंग असतं हे ऐकून तुम्हाला धक्का बसायचं कारण नाही. मोठ्यांना 'तुम्ही' आणि मित्राला 'तू' हेही तुम्हाला शिकवावं लागत नाही. 'झी' आणि 'डू' तुम्ही पहिल्या दिवशी बरोबर वापरलं असणार.

तेव्हा वहीत उजव्या बाजूला इंग्रजी अर्थ लिहिणं बंद करा, मराठी लिहा. महिनाभर करून बघा.

लाजेबद्दल मी एवढं तावातावाने बोलतेय त्याला कारण आहे. 1999 मध्ये मी ठाण्यातल्या एका कारखान्यात ऑफिसात होते. चार वर्षं जर्मन शिकून झालेली, कविता बिविता वाचायचे, जरा मिजासच होती. कारखान्यात जर्मनीहून मोठं यंत्र आलं आणि ते बसवायला एक फिटर आला, पन्नाशीचा, इंग्रजी जवळपास शून्य. दुभाषी म्हणून मला शॉप फ्लोअरवर उभं केलं. तिसऱ्या दिवशी यंत्र सुरू केलं आणि तो ओरडला, 'डी डिश्टुंग इस्ट हिन!' सगळे माझ्याकडे बघायला लागले. 'डिश्टुंग' हा शब्द मला चांगला ठाऊक होता. काव्य. मी व्यवस्थापकांना म्हटलं, ते म्हणतायत की… काव्य संपलं.

कोणी हसलं नाही हे जास्त वाईट होतं. शेजारी उभे असलेले मिस्त्री, सातवी शिकलेले, यंत्राखाली पसरत चाललेल्या तेलाकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, 'मॅडम, गॅस्केट म्हणत असेल तो.'

गॅस्केटच होतं, तेल गळू नये म्हणून सांध्यात बसवतात ती चकती. एकाच शब्दाचे दोन अर्थ आणि मला फक्त एक शिकवलेला. त्या दिवशी घरी आले, पुस्तकं माळ्यावर टाकली आणि आठ महिने खाली काढली नाहीत. तुमचे सहा आठवडे झालेत, म्हणून सांगते.

मला परत आणलं ते परीक्षेने नाही आणि जिद्दीनेही नाही. तो फिटर सर्व्हिसिंगला पुन्हा येणार असं कळलं, आणि मिस्त्री माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, 'या खेपेला आधीच शब्द लिहून द्या. आपली शोभा नको.' 'आपली' म्हणाले. मग मी माळ्यावरून कोश काढला. रोज जेवणाच्या सुट्टीत ते एक भाग घेऊन यायचे, कधी बेअरिंग, कधी व्हॉल्व्ह, कधी तेलकट फडक्यात गुंडाळलेला स्प्रिंग, आणि मी त्याचं नाव देवनागरीत लिहून द्यायचे. त्रेचाळीस शब्द झाले. ते कागद त्यांनी खिळ्याला लटकवून ठेवले होते. फिटर आला तेव्हा पहिल्या दिवशी मिस्त्रींनीच गॅस्केट हातात धरून 'डी डिश्टुंग' म्हटलं, तेही आर्टिकलसकट. मी आर्टिकल सांगितलं होतं, पण ते पाठ करतील असं वाटलं नव्हतं.

रोज एक माणूस 'आज काय नवीन?' म्हणून वाट बघत असतो तेव्हा हुरूप आहे की नाही हे तपासायला वेळच होत नाही. तुमच्या प्रश्नात मला असा माणूस कुठे दिसला नाही. वर्ग आहे, परीक्षा आहे, जर्मनीतली नोकरी आहे. पण नोकरी दोन वर्षं लांब, परीक्षा सहा महिने लांब, आणि वर्गात बाई तुमची वाट बघत नाहीत, वीस जणांना शिकवून त्यांना शेवटची गाडी पकडायची असते. (मी बाईच आहे, मला माहितेय.)

मुलुंडच्या एक आजी माझ्याकडे ए-1 ला होत्या, वय 64. मुलगा स्टुटगार्टला, सून जर्मन, नात पाच वर्षांची. नातीला मराठी येत नाही, आजींना जर्मन येत नाही, आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या, बस. आजींनी एकही तास चुकवला नाही. पावसात गाड्या बंद असताना त्या मुलुंडहून बसने आल्या होत्या. वर्गात चमचा-काटा-सुरी शिकवली तेव्हा त्या चिडल्या: चमचा 'डेअर ल्योफेल' म्हणजे तो, काटा 'डी गाबेल' म्हणजे ती, सुरी 'डास मेसर' म्हणजे ते! 'एका ताटाशेजारच्या तीन वस्तू आणि तिघांची तीन लिंगं, यांच्या घरात कोणी विचारत नाही का?' पुढच्या रविवारी त्यांनी कॅमेऱ्यासमोर तिन्ही वस्तू मांडल्या, मुद्दाम एकीचं आर्टिकल चुकीचं म्हटलं आणि नात किंचाळली, 'नाइन, आजी, डास मेसर!' त्यानंतर दर रविवारी नातीने पाच वस्तू तपासायच्या हे ठरूनच गेलं. आजींची ए-1 किती गुणांनी झाली ते मला आठवत नाही.

तुम्हाला नात नाही. पण ऑफिसात किंवा वर्गात असा एकजण शोधा जो तुमच्याइतकाच अडलेला आहे. फाडफाड बोलणारा नको. त्याच्यासमोर तुम्ही पुन्हा गप्प व्हाल. त्याला रोज रात्री एक व्हॉइस मेसेज, वीस-तीस सेकंदांचा, आणि त्याचा तुम्हाला. चुका दुरुस्त करायच्या नाहीत, फक्त उत्तर द्यायचं. एखाद्या जर्मन माणसाशी टँडेम जमलं, म्हणजे तुम्ही त्याला मराठी किंवा हिंदी आणि तो तुम्हाला जर्मन, तर उत्तमच. पण ते जुळेपर्यंत वाट बघत बसू नका.

आता वेळेचं. डोंबिवलीहून सकाळी पुस्तक काढून अभ्यास करा असं सांगणाऱ्या माणसाने एकदा ती गाडी पकडून दाखवावी. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्याने पोटाशी धरलेली सॅक, आणि मुंब्र्यानंतर दुसऱ्याच्या कोपराखाली तोंड. तिथे फक्त कान मोकळे असतात, तेव्हा घाटकोपरपर्यंत फक्त कानांचं काम. पुस्तकाबरोबर आलेल्या ऑडिओतला सहा-सात मिनिटांचा एकच तुकडा, सोमवार ते शुक्रवार तोच. रोज नवीन ऐकलं तर रोज तेवढंच कळत नाही. गुरुवारपर्यंत आपल्याला 'पुढील स्टेशन…'नंतर काय येणार ते जसं न ऐकता कळतं, तसं ते वाक्य येण्याआधीच ओठांवर यायला लागतं.

घाटकोपरला मेट्रोत बसलात की चकाल्यापर्यंत सहा स्टेशनं आहेत. सहा वाक्यं करा. जागृती नगरपर्यंत: आज काय काय करायचंय. असल्फा: काल काय केलं. साकीनाका: समोरचा माणूस काय करतोय. मरोळ नाका: मला काय आवडत नाही, आणि का, इथे 'वाइल' आणायचंच, क्रियापद शेवटी ढकलायचं. एअरपोर्ट रोड: तिकीट फुकट मिळालं तर कुठे जाईन. चकाला: साहेबांना आज जे सांगावंसं वाटतंय पण सांगता येणार नाही ते. हे शेवटचं वाक्य लोकांना सगळ्यात आधी जमायला लागतं. पुटपुटलात तरी चालेल. कानात इयरफोन असलेल्या माणसाकडे मुंबईत कोणी बघत नाही. अडलेला शब्द मराठीतच घालून वाक्य पुरं करा, तो शब्द हातावर किंवा फोनमध्ये टिपा, आणि रात्री तेवढाच एक शोधा.

घरी परतल्यावर अभ्यास ठेवू नका. तुमचं 'उद्यापासून' रात्री दहाला ठरतं आणि दुसऱ्या रात्री दहालाच मोडतं, कारण ती वेळच अभ्यासाची नाही. रात्री फार तर दहा कार्डं. चपलांचा रिकामा खोका घ्या, पुठ्ठ्याने पाच कप्पे करा. कार्डाच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला आर्टिकलसकट जर्मन. नवीन कार्ड पहिल्या कप्प्यात. आलं तर पुढच्या कप्प्यात, नाही आलं तर ते कुठेही असो, परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, असं लांबत न्यायचं. ही पद्धत झेबास्टियान लाइटनर यांनी 1970 च्या दशकात लोकप्रिय केली. तिच्या मुळाशी हेर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये मांडलेलं निरीक्षण आहे: त्यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून पाहिले, आणि विसरणं सुरुवातीच्या काही तासांत झपाट्याने होतं, मग त्याचा वेग मंदावतो, असं त्यांना दिसलं. म्हणून उजळणी विसरायच्या काठावर हवी. हेच काम करणारी ॲप आहेत आणि ती चांगली आहेत, पण पाचव्या कप्प्यात साठत गेलेला कार्डांचा गठ्ठा हातात धरता येतो, हा खोक्याचा फायदा मला मोठा वाटतो. बी-1 मध्ये दिसेनासं झालेलं फळ ते हेच.

ॲपमधल्या स्ट्रीकबद्दल, म्हणजे सलग किती दिवस धडा केला त्या मोजणीबद्दल, एकच सांगते. माझ्याकडे एकजण 212 दिवसांचा स्ट्रीक घेऊन आला होता आणि त्याला पाणी मागता आलं नाही. स्ट्रीक सांभाळायला तो रात्री 11.55 ला सगळ्यात सोपा धडा करायचा.

'तिकडे गेलं की आपोआप येईल' असंही लोक म्हणतात. काळा घोड्याच्या ज्या इमारतीत आपण परीक्षेला जातो ती ज्याच्या नावाची, तो फ्रीडरिश मॅक्स म्युलर आयुष्यात कधी भारतात आला नाही. ऋग्वेदाची सहा खंडांची आवृत्ती त्याने 1849 ते 1874 अशी पंचवीस वर्षं तिकडे बसून काढली. आपण काही मॅक्स म्युलर नाही, पण मी म्युनिकला सहा वर्षं राहून बेकरीतल्या चार वाक्यांपलीकडे न गेलेली माणसंही पाहिली आहेत. तिकडे गेल्यावर तुम्ही इथे जी सवय लावाल तीच सोबत नेणार.

मोडलेला अभ्यास पुन्हा सुरू करताना हमखास होणारी एक चूक आहे: पान एकपासून सुरुवात. मन म्हणतं, पाया पक्का करू. मग माणूस चौथ्यांदा 'माझं नाव अमुक, मी मुंबईत राहतो' करतो, त्यात त्याला बरं वाटतं, आणि जिथे अडला होता तिथे पोचेपर्यंत पुन्हा दमतो. तुम्ही सोडलंत त्याच्या फक्त दोन धडे मागे जा. ते वाचताना कंटाळा आला तर फारच छान, म्हणजे येतंय. आणि सुट्टी आधीच ठरवा. गणपतीत दहा दिवस अभ्यास होणार नाही हे आपल्याला जूनमध्येच माहीत असतं; मग ते 'मोडलं' का म्हणायचं? कॅलेंडरवर खूण करा आणि विसर्जनानंतरच्या सोमवारी कुठल्या पानावर बसायचं ते पान दुमडून ठेवा.

परीक्षेबद्दलही थोडं. बी-1 चे चार भाग आहेत, वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं. प्रत्येक 100 गुणांचा, 60 ला पास, आणि हे भाग सुटे सुटे देता येतात. तुम्ही चारही एकदम द्यायचा विचार करून घाबरलेले दिसता. तुमचे ए-2 चे 83 गुण पाहता वाचणं आणि ऐकणं आधी द्या. दोन प्रमाणपत्रं हातात आली की बोलण्याच्या परीक्षेत वेगळा माणूस शिरतो. तसंही बोलण्याची परीक्षा तुम्ही समजता तशी नाही. साधारण पंधरा मिनिटं, बहुतेक वेळा दुसऱ्या परीक्षार्थीबरोबर जोडीने: दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं, छोटं सादरीकरण करायचं, एकमेकांना प्रश्न विचारायचे. समोरचाही तुमच्याइतकाच घामाघूम असतो. त्याचं वाक्य अडलं की त्याला शब्द सुचवा, ते परीक्षकांना आवडतं.

आणि नोकरीचा विचार खरंच बदलला असेल तर सोडून द्या, मनाला लावून घेऊ नका. मी स्वतः जपानी तीनदा सुरू केली आहे. पेन्सिली मोजायला एक प्रत्यय, कागद मोजायला दुसरा, मांजरं मोजायला तिसरा, इथपर्यंत येते आणि थांबते, कारण मला जपानीत कोणाशी काही बोलायचं नाहीये. पण तुम्ही 'इच्छा अजून आहे' असं लिहिलंत आणि त्याखाली रेघ मारलीत, म्हणून एवढं लांबण लावलं.

सोमवारपासून फक्त मेट्रोतली सहा वाक्यं करा, खोका आणि रेकॉर्डिंग पुढच्या आठवड्यात. शनिवारी दुपारी माझा मोकळा तास असतो, फी नाही, अडलेलेच लोक येतात, त्यात तुमचा जोडीदार सापडेल. चहा 'हाल्प फ्युन्फ'ला असतो. साडेपाचला आलात तर कप विसळलेले दिसतील.